चाळिशीनंतर आरोग्यक्षेत्रात यायचंय? पदव्युत्तर शिक्षणाची तयारी कोणत्या क्रमाने करावी

मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, केली तेव्हा चाळिशी ओलांडली होती. त्यामुळे बँकेत, शाळेत, विमा कंपनीत किंवा घर सांभाळण्यात पंधरा-वीस वर्षं घालवलेली माणसं मला नेहमी गाठतात आणि विचारतात, ‘आता रुग्णांसाठी काही करायचंय, कुठला कोर्स करू?’

कोर्स ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी रोजचं काम ठरवा. मग त्या कामाला कोणती नोंदणी लागते ते बघा, मग वयाची अट कुठे आडवी येते ते तपासा, आणि त्यानंतर पदवीकडे या. बाविसाव्या वर्षी हा क्रम उलटा झाला तरी निभावतं, कारण पुढे दुसरी पदवी घ्यायला वेळ असतो. पंचेचाळिशीत हातात साधारण पंधरा वर्षं नोकरीची असतात आणि त्यातली दोन शिक्षणात जाणार असतात. म्हणून पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलंय.

आधी काम बघा, तेही गर्दीच्या दिवशी

‘समुपदेशन’, ‘रुग्णालय व्यवस्थापन’, ‘सार्वजनिक आरोग्य’ हे शब्द लांबून छान वाटतात. ते काम करणारी दोन-तीन माणसं शोधा आणि त्यांच्याबरोबर एखादा गर्दीचा दिवस काढा.

माझ्याच विभागातला सोमवार सांगते. सकाळी नऊला दारात एक मुलगा उभा असतो. वडिलांची अँजिओप्लास्टी सांगितलीय, हातात खर्चाचा अंदाज आहे आणि आकडा बघून तो हादरलाय. मी आधी रेशनकार्ड मागते. पिवळं, केशरी की पांढरं, त्यावर वडिलांचं नाव आहे का, आधारवरच्या नावाशी जुळतं का. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, आमच्याकडे त्या उपचाराची मान्यता आहे का, ते आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडून, तपासून घेते. योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेकडे वळते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पण त्यासाठी बहुतेकदा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो मुलाकडे नसतो. मग ट्रस्टना पत्रं, फोन, वॉर्डातल्या सिस्टरशी बोलणं, बिलिंगशी वाद. मधेच तो मुलगा रडतो, तेव्हा हातातले कागद बाजूला ठेवून बसावं लागतं. बाहेर तोवर आणखी सहा जण थांबलेले असतात.

हे बघून ‘मला हेच करायचंय’ असं वाटलं तर पुढे जा. ‘मला फक्त बोलायला, ऐकायला आवडतं, कागदपत्रं नकोत’ असं वाटलं तर समुपदेशनाचा रस्ता बघा. आकड्यांत रमणाऱ्यांना सार्वजनिक आरोग्य अधिक मानवेल.

बघायला कुठे जावं? पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कर्करुग्णांची परिहार सेवा, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा, करतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे आणि तिथे प्रशिक्षणं होतात. अशा ठिकाणी आधी पत्र लिहून, स्वयंसेवक म्हणून काय करता येईल ते विचारून जावं. गावातल्या ट्रस्टच्या रुग्णालयातही ‘समाजसेवा विभागात बसू का’ असं विचारलं तर बहुतेकदा नाही म्हणत नाहीत. फक्त रुग्णांची माहिती बाहेर बोलायची नाही, हे पहिल्या दिवसापासून पाळायचं.

मग नोंदणी तपासा

बहुतेकांचे पैसे आणि वर्षं इथेच वाया जातात, म्हणून इथे घाई करू नका.

मानसशास्त्राचं उदाहरण घ्या. एमए मानसशास्त्र केलं म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालो, असं समजणारे खूप आहेत. तसं होत नाही. हे नाव लावायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्याने ती सक्तीची आहे, आणि त्यासाठी आरसीआयने मान्य केलेला अभ्यासक्रमच करावा लागतो. आजवर तो अभ्यासक्रम म्हणजे एमएनंतरचं दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल होतं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एमफिल बंद केलं तरी या विषयाला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती, आणि त्याच्या जागी आरसीआयने नवे अभ्यासक्रम आणले. त्यामुळे ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची मान्यताप्राप्त संस्थांची यादी आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘मान्यताप्राप्त’ एवढंच छापलेलं असेल तर कोणाची मान्यता, कुठल्या वर्षापर्यंत, हे लेखी विचारा.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे २०२१ चा राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, आहारशास्त्र, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, वर्तन-आरोग्य अशा पन्नासहून अधिक व्यवसायांसाठी त्याने नोंदणीची चौकट आणली. याच कायद्याचा आधार घेऊन यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन व आहारशास्त्र अशा विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले. घर सांभाळून पत्राद्वारे मानसशास्त्रात एमए करणं हा मध्यमवयीन बायकांचा अगदी ठरलेला मार्ग होता. त्यांचं नुकसान झालं याचं मला वाईट वाटतं. पण रुग्णाला हात लावण्याआधी किंवा त्याच्या मनात शिरण्याआधी समोरासमोरचं प्रशिक्षण हवंच, असं माझं ठाम मत आहे. आजही कोणी ‘ऑनलाइन एमए सायकॉलॉजी, लगेच प्रवेश’ अशी जाहिरात पाठवत असेल तर पैसे भरू नका.

रुग्णालय व्यवस्थापन आणि सार्वजनिक आरोग्य या कामांना अशी वैयक्तिक नोंदणी लागत नाही. तिथे संस्थेचं नाव आणि तुमचा आधीचा अनुभव यांवर नोकरी मिळते.

वयाची अट कुठे आडवी येते

पदव्युत्तर प्रवेशाला बहुतेक ठिकाणी वयोमर्यादा नाही. अडचण नोकरीत येते. महाराष्ट्र शासनाच्या नियमित पदांसाठी सर्वसाधारण कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. सरकारी रुग्णालयातलं ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद मनात धरून कोणी ४२ व्या वर्षी एमएसडब्ल्यूला बसलं, तर पदवी हातात पडेपर्यंत ते दार बंद झालेलं असतं. उरतात धर्मादाय आणि खाजगी रुग्णालयं, स्वयंसेवी संस्था, प्रकल्पांवरची कंत्राटी पदं आणि स्वतःचा व्यवसाय. कामं भरपूर आहेत, पण निवृत्तिवेतन आणि बदलीची शाश्वती नाही. हे घरच्यांशी आधीच बोलून घ्या.

काही जण एमबीबीएसचंही विचारतात. नीट-यूजीची कमाल वयाची अट २०२२ मध्ये खरोखरच निघाली. पण अभ्यासक्रम इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा आहे, आणि त्याआधी अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र पुन्हा करून अठरा वर्षांच्या मुलांशी स्पर्धा करायची आहे. पंचेचाळिशीत मी कोणालाही हा सल्ला देत नाही. रुग्णांच्या उपयोगी पडायला डॉक्टरच व्हावं लागतं असं नाही.

तुमच्या आधीच्या पदवीला कुठलं दार उघडतं

कोणत्याही शाखेची पदवी असेल तर एमएसडब्ल्यू सगळ्यात मोकळं आहे. बीकॉम, बीए, इंजिनिअर सगळे येतात. त्यात ‘वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य’ हे विशेषीकरण जिथे आहे तेच कॉलेज निवडा, नुसतं एमएसडब्ल्यू बघू नका. पुण्यातली कर्वे समाज सेवा संस्था आणि मुंबईतलं निर्मला निकेतन ही जुनी नावं आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही समाजकार्य आहेच.

रुग्णालय व्यवस्थापनालाही कोणतीही पदवी चालते. टाटा संस्थेत एमएचए, म्हणजे रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी आहे, पुण्यात सिम्बायोसिसच्या आरोग्यविज्ञान संस्थेत एमबीए आहे. इथे विमा, बँक, लेखा, हॉटेल, लष्कर या क्षेत्रांतून आलेल्यांना खरा फायदा होतो. २०१८ मध्ये आयुष्मान भारत सुरू झाल्यापासून आणि खाजगी आरोग्यविमा वाढल्यापासून प्रत्येक मोठ्या रुग्णालयात दाव्यांचा विभाग वाढलाय. दावा नेमका का नाकारला जातो हे विमा कंपनीच्या बाजूने पाहिलेला माणूस तिथे मोलाचा ठरतो. रुग्णालयाच्या दर्जाचं एनएबीएच मानांकन मिळवायला गुणवत्ता विभागही लागतो, आणि तिथे कारखान्यातला गुणवत्ता नियंत्रणाचा अनुभव उपयोगी पडतो.

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला, म्हणजे एमपीएचला, काही संस्था कोणत्याही पदवीधराला घेतात, काही फक्त आरोग्य किंवा विज्ञान शाखेला. टाटा संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ इथली पात्रता नीट वाचा. बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर आणि दंतवैद्य या वर्गात बरेच असतात, त्यामुळे बिगरवैद्यकीय माणसाने आपला जुना विषय, मग तो संख्याशास्त्र असो, पत्रकारिता किंवा अर्थशास्त्र, पुढे ठेवायला हवा.

आहारशास्त्राला मात्र बहुतेक ठिकाणी पदवीच गृहविज्ञान किंवा पोषणशास्त्राची लागते. ती असेल तर मुंबईत एसएनडीटीचं जुहूचं गृहविज्ञान महाविद्यालय आणि निर्मला निकेतनचं गृहविज्ञान महाविद्यालय बघा. इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘आरडी’ (नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) परीक्षा द्यायची असेल तर रुग्णालयातली इंटर्नशिप करावी लागते. रुग्णालयं नोकरी देताना ‘आरडी’ विचारतात. मूळ पदवी कॉमर्सची असेल तर हा रस्ता सोडून द्या. वजन कमी करण्याच्या छोट्या प्रमाणपत्रांवर मधुमेहाच्या रुग्णाला आहार सांगणं धोक्याचं आहे.

परिचारिकांचं गणित वेगळं आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झालेल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी आणि मग एमएस्सी नर्सिंग. एमएस्सीला साधारण ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. सरकारी सेवेत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. ती मागताना परत येऊन किती वर्षं सेवेचं बंधपत्र द्यावं लागेल ते आधी वाचा.

प्रवेशाआधीचं वर्ष

या वर्षात सगळ्यात पहिलं काम कागदांचं. १९९८ मध्ये बीकॉम झालेल्या माणसाकडे गुणपत्रिका असतात, पण पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून घेतलेलंच नसतं. कॉलेजचा दाखला कधी काढलेला नसतो, आणि दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर स्थलांतर प्रमाणपत्र हवं असतं. बायकांच्या बाबतीत त्यात नावाचा घोळ भरतो: गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच काहीतरी. विवाह नोंदणी प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी चालतं, काही ठिकाणी राजपत्रातली नोंद मागतात. ती अर्जाच्या आठवड्यात मिळत नाही. मधल्या वर्षांसाठी गॅप सर्टिफिकेट, म्हणजे नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र लागतं. आरक्षणातून जाणार असाल तर जात वैधता आणि चालू वर्षाचं नॉन-क्रीमीलेअर. हे सगळं पावसाळ्यात सुरू केलं तर दिवाळीपर्यंत फाइल तयार होते.

प्रवेश परीक्षांचं वेळापत्रक त्यानंतर येतं. टाटा संस्थेच्या बहुतेक अभ्यासक्रमांसाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा. त्याचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. सिम्बायोसिससाठी त्यांची स्वतःची स्नॅप परीक्षा डिसेंबरमध्ये. वर्षानुवर्षं पेपर न दिलेल्या माणसाची अडचण ज्ञानाची नसते, घड्याळाची असते. म्हणून रोज अभ्यास वाढवण्यापेक्षा दर रविवारी वेळ लावून संगणकावर एक सराव परीक्षा द्या.

दरम्यान एखादा मोफत अभ्यासक्रम पूर्ण करून बघा. चेन्नईच्या आयसीएमआर-राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर मिळतो. तो आठ आठवडे नोकरी सांभाळून, स्वाध्याय वेळेत देऊन पूर्ण करता आला तर घरातल्यांनाही तुमचा बेत पटतो.

आणि एक छोटी गोष्ट, जी कॉलेज अगदी शेवटी सांगतं: हिपॅटायटिस बीची लस. तिसरा डोस पहिल्यानंतर सहा महिन्यांनी असतो. वॉर्डात जायचं असेल तर प्रवेशाचा अर्ज भरता भरताच फॅमिली डॉक्टरांशी बोलून पहिला डोस घ्या.

पैशाचं गणित

फी हा खर्चाचा लहान भाग आहे. दरमहा ६० हजार मिळवणारा माणूस दोन वर्षं घरी बसला तर १४ लाख ४० हजार येणार नाहीत. शिवाय भविष्य निर्वाह निधीतली भर थांबते, कंपनीचा आरोग्यविमा जातो. म्हणून राजीनाम्याआधी स्वतःचा कुटुंब आरोग्यविमा घ्या, कारण जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो आणि तो जितका आधी सुरू होईल तितका बरा.

शैक्षणिक कर्ज या वयातही मिळतं, पण बँक निवृत्तीचं वय आणि परतफेडीची वर्षं जुळवून बघते आणि बहुधा जोडीदाराला सहकर्जदार करते. त्याच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. नवी करप्रणाली निवडली असेल तर मिळत नाही. मुलांच्या फीवर मिळणारी वजावट स्वतःच्या फीवर मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. पीएफ पूर्ण काढून फी भरायला माझा विरोध आहे. मुलाची बारावी आणि तुमचं पहिलं वर्ष एकाच वर्षी येत असेल तर एक वर्ष थांबा, त्याने काहीही बिघडत नाही.

नोकरी पूर्ण सोडायची नसेल तर रुग्णालय व्यवस्थापनात नोकरदारांसाठीच्या पदविका आहेत. एमएसडब्ल्यू मात्र नोकरीबरोबर होत नाही. आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्य असतं, उरलेले दिवस वर्ग, आणि शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एकाच संस्थेत सलग काही आठवडे पूर्णवेळ काम.

घर

‘सगळं जमेल’ असं मोघम ठरवू नका. घरातल्या कामांची यादी लिहून काढा आणि प्रत्येकापुढे नाव लिहा. सासूबाईंना डायलिसिसला कोण नेणार? धाकट्याची शाळेची बस चुकली तर कोणाला फोन जाणार? भाजी, गॅस, लाइट बिल? बायका परत शिकायला जातात तेव्हा घरातलं काम कमी होत नाही, ते पहाटे चारला सरकतं आणि दुसऱ्या सत्रापर्यंत तब्येत ढासळते. पोळ्यांना बाई लावायला लागली तर तो खर्च फीइतकाच महत्त्वाचा धरा आणि सुरुवातीपासून हिशेबात घाला.

वर्गात गेल्यावर

शिक्षक तुमच्याहून लहान असतील. त्यांना ‘सर’, ‘मॅडम’ म्हणायचं आणि आपल्या अनुभवाचं भाषण वर्गात द्यायचं नाही. वर्गातली मुलं तुम्हाला काकू किंवा ताई म्हणतील. त्यांना एक्सेल, प्रेझेंटेशन, संदर्भ लावण्याची सॉफ्टवेअरं सहज येतात. तुम्हाला तहसील कार्यालयात काय बोलायचं ते येतं. ही देवाणघेवाण पहिल्याच महिन्यात सुरू करा.

सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते संख्याशास्त्रात. प्रमाण विचलन, पी-मूल्य, नमुना निवड हे शब्द ऐकले की दहावीची भीती परत येते. सूत्रं पाठ करत बसू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं, म्हणजे २०१९-२१ चं, आपल्या जिल्ह्याचं माहितीपत्रक मोफत मिळतं. ते उघडा आणि ॲनिमिया, लसीकरण, कमी वयातली लग्नं यांचे आकडे शेजारच्या जिल्ह्याशी ताडून बघा. फरक का असेल, तो फरक खरा की नमुन्याचा, असे प्रश्न पडायला लागले की संख्याशास्त्र समजायला लागतं.

क्षेत्रकार्याच्या नोंदी त्याच रात्री लिहा. ‘रेकॉर्डिंग’ साचलं की सत्राच्या शेवटी बनावट लिहायची पाळी येते, आणि शिकायचं तेच राहून जातं. पर्यवेक्षकाने लाल शाई वापरली तर वाईट वाटून घेऊ नका. साहेब म्हणून वावरलेल्या माणसाला ‘तुम्ही रुग्णाला सल्ला दिला, त्याचं ऐकलं नाही’ हे ऐकणं जड जातं. पण जुन्या नोकरीतून आलेल्या आम्हा सगळ्यांची सवय तीच असते, लगेच तोडगा सांगण्याची, आणि ती मोडायला हीच दोन वर्षं आहेत.

नोकरी दुसऱ्या सत्रापासून शोधायची

कॉलेजचा प्लेसमेंट कक्ष चोवीस वर्षांच्या मुलांसाठी चालतो. तिथे नाव नोंदवा, पण विसंबून राहू नका. प्रबंधाचा विषय असा घ्या की एखाद्या रुग्णालयाला किंवा संस्थेला त्याचा उपयोग होईल: योजनेत नाकारलेल्या दाव्यांची कारणं, डायलिसिस मधेच सोडणारे रुग्ण, घरी काळजी घेणाऱ्यांवरचा ताण. माहिती गोळा करण्यासाठी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यातच प्रस्ताव द्या. ब्लॉक प्लेसमेंट शक्यतो जिथे नोकरी हवी तिथेच मागा.

बायोडाटात जुनी वर्षं लपवू नका. ‘शाखा व्यवस्थापक, १४ वर्षं’ असं नुसतं लिहिण्याऐवजी त्याखाली रुग्णालयाला कळेल असं लिहा: चिडलेल्या ग्राहकांच्या तक्रारी हाताळल्या, लेखापरीक्षणाला सामोरी गेले, दहा जणांची पाळी लावली. मुलाखतीत ‘तुमच्याहून लहान वरिष्ठाच्या हाताखाली चालेल का’ आणि ‘रात्रपाळी जमेल का’ हे दोन प्रश्न येतातच. पगार पहिली दोन-तीन वर्षं जुन्या पगारापेक्षा कमी असेल असं धरून चला, आणि किमान किती चालेल तो आकडा घरी ठरवून मगच मुलाखतीला जा. नेमणूकपत्रात पदाचं नाव नीट वाचा: ‘समन्वयक’ म्हणून घेतलेल्या माणसाला पुढे वैद्यकीय समाजसेवकाचा अनुभव दाखवता येत नाही. पदनाम बदलून मागायचं असेल तर ते रुजू होण्याआधीच मागा.